ठळक आकड्यांची धास्ती

लेखमाला : देह आणि डेटा (भाग ५)

सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ उघडायची, ही रीत आता पुण्या-मुंबईपुरती उरलेली नाही. तालुक्याच्या गावातल्या लॅबही तेच करतात. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये पन्नास-साठ आकडे सहज येतात. त्यातले तीन-चार ठळक छापलेले असतात आणि शेजारी ‘एच’ किंवा ‘एल’ असा शिक्का असतो. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची असते, मोबाइल मात्र हातातच असतो. ‘बिलिरुबिन १.६’ असे टाइप केले की यकृताच्या आजारांची यादी समोर येते आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडते.

मागच्या भागात रक्ताचा नमुना घेण्यापासून यंत्रापर्यंतचा प्रवास पाहिला. या भागात रिपोर्टवर छापून आलेला आकडा, आणि तो इंटरनेटच्या हाती दिल्यावर काय होते, ते पाहू.

रिपोर्टच्या उजव्या रकान्यात ‘नॉर्मल’ म्हणून जी मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक चाचण्यांसाठी एका साध्या हिशोबाने ठरते. निरोगी माणसांचे आकडे चढत्या क्रमाने मांडतात, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून देतात, आणि मधल्या ९५ टक्क्यांना ‘नॉर्मल’ म्हणतात. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच माणसे कुठल्याही एका चाचणीत मर्यादेबाहेर जाणार, हे आधीच ठरलेले आहे. चाचण्या एकमेकींशी संबंधित नाहीत असे धरले, तर २० चाचण्या केलेल्या निरोगी माणसाचा एक तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता ६४ टक्के भरते. पॅकेज जितके मोठे, तितकी ही शक्यता जास्त.

सगळेच आकडे या हिशोबात बसत नाहीत. साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा आजाराच्या जोखमीवरून ठरवल्या जातात. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आला तर तो मधुमेहाचा निकष आहे. ‘मर्यादेबाहेर तर काय, सगळ्यांचेच असते’ म्हणून तो सोडून देता येत नाही. कुठला आकडा पहिल्या प्रकारचा आणि कुठला दुसऱ्या, हे रिपोर्टवर लिहिलेले नसते. छपाई दोघांची सारखीच ठळक असते.

आता त्या बिलिरुबिनकडे वळू. १९०१ मध्ये फ्रान्समधल्या ऑगस्टिन गिल्बर्ट यांनी वर्णन केलेली एक आनुवंशिक ठेवण बऱ्याच लोकांत असते. तिच्यात बिलिरुबिन थोडे चढलेले राहते, यकृताला काही होत नाही आणि उपचारही लागत नाही. गंमत अशी, की उपास केला की हा आकडा आणखी चढतो. आदल्या दिवशी एकादशी आणि सकाळी उपाशीपोटी रक्त, एवढ्याने तो ठळक होऊ शकतो. यकृताच्या बाकीच्या चाचण्या आणि हिमोग्लोबिन ठीक असेल, तर डॉक्टर बहुधा दोन मिनिटांत विषय संपवतात. गूगलवर मात्र कावीळ, सिरॉसिस आणि कॅन्सर एकाच पानावर भेटतात.

महिलांच्या काही पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून सीए-१२५ घातलेले असते. बीजांडाच्या कॅन्सरमध्ये ते वाढते हे खरे. पण ते मासिक पाळीत, गरोदरपणात, गर्भाशयात गाठी असताना आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढते. पाळीच्या दिवसांत रक्त दिलेल्या बाईचा आकडा मर्यादेच्या थोडा वर गेला, तर पाळी चालू होती का, हे तिला कोणी तरी विचारायला हवे. सर्च इंजिन तारीख विचारत नाही.

ते आणखीही बरेच काही विचारत नाही. केस गळू नयेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये बायोटिन भरपूर असते, आणि काही यंत्रांच्या थायरॉइड चाचणीत ते ढवळाढवळ करते. टीएसएच खोटे कमी येते, टी-४ खोटे जास्त. थायरॉइड ठणठणीत असलेल्या माणसाचा रिपोर्ट अतिसक्रिय थायरॉइडचा वाटू लागतो. हृदयविकारासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिन चाचणीतही हा घोळ होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. ‘सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ हा फॅमिली डॉक्टरांचा कंटाळवाणा वाटणारा प्रश्न इथे लाखमोलाचा ठरतो.

छापील मजकूर वाचून स्वतःला रोग चिकटवण्याची सवय इंटरनेटहून जुनी आहे. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’चा नायक ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचे पुस्तक चाळतो आणि गुडघ्याचे एक दुखणे सोडून बाकी सगळे रोग आपल्याला झाले आहेत, अशा निष्कर्षाला येतो. फरक एवढाच, की पुस्तक सर्वांना तेच पान दाखवते. सर्च इंजिन आधी कुठले पान दाखवायचे ते निवडते.

ही निवड कशी होते, याचा अभ्यास मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. डोकेदुखीचा शोध घेतला, तर निकालांत मेंदूतली गाठ आणि रोजची कॉफी बंद केल्याने होणारा त्रास जवळपास सारख्याच वेळा येत होते. प्रत्यक्षात डोके दुखणाऱ्यांत गाठ असलेला माणूस अगदी विरळा. पण गाठीवर लिहिणारे पुष्कळ, ती पाने उघडणारेही पुष्कळ. कॉफीवर कोण लिहिणार? सर्च इंजिन पाने मोजते, रुग्ण नव्हे. ‘हे असणे शक्य आहे’ आणि ‘हे असण्याची शक्यता आहे’ यांतले अंतर तिथेच पुसले जाते.

लक्षणे टाकल्यावर रोगाचे नाव सांगणाऱ्या साधनांची परीक्षाही झाली आहे. २०१५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात २३ साधनांपुढे ४५ रुग्णांची वर्णने ठेवली होती. योग्य निदान यादीत पहिल्या क्रमांकावर आले ते ३४ टक्के वेळा. खऱ्या तातडीच्या दुखण्यात ‘लगेच जा’ हा सल्ला ८० टक्के वेळा बरोबर मिळाला. घरच्या घरी बरे होणाऱ्या दुखण्यात मात्र योग्य सल्ला ३३ टक्केच वेळा मिळाला. बाकीच्यांना विनाकारण दवाखान्यात पाठवले गेले.

चॅटबॉट आल्यावर यादीची जागा गप्पांनी घेतली, आणि गप्पांतला आत्मविश्वास जास्त पटतो. ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’च्या रुग्णकथांच्या नियतकालिकात २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका ६० वर्षांच्या गृहस्थाची हकीकत आली. आहारातले क्लोराइड काढून टाकायचे म्हणून त्यांनी चॅटजीपीटीला विचारून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली. ते ऑनलाइन मागवले आणि तीन महिने खाल्ले. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतो आहे, असे सांगत ते रुग्णालयात आले आणि पुढे त्यांना भासही होऊ लागले. त्यांच्या रिपोर्टमध्ये क्लोराइड उलट वाढलेले दिसत होते, कारण रक्तातले ब्रोमाइड त्या चाचणीत क्लोराइड म्हणून मोजले जात होते. ब्रोमाइडची वेगळी चाचणी केली तेव्हा ते लिटरमागे १,७०० मिलिग्रॅम निघाले. कमाल मर्यादा होती ७.३. ठळक आकडा होता, त्याचा सरळ अर्थ मात्र साफ चुकीचा होता. तो उलगडला डॉक्टरांच्या शंकेमुळे.

मग इंटरनेट बंद करायचे का? मुळीच नाही. डेव्ह डीब्रोंकार्ट या अमेरिकन गृहस्थांना २००७ मध्ये मूत्रपिंडाचा पसरलेला कॅन्सर निघाला. त्यांच्या डॉक्टरांनीच त्यांना रुग्णांच्या एका ऑनलाइन गटाचे नाव सुचवले. इंटरल्युकिन-२ या उपचाराची आणि तो देणाऱ्या केंद्रांची माहिती त्यांना तिथे मिळाली, उपचार लागू पडला, आणि पुढे ते रुग्णांच्या माहितीच्या हक्काचे जगभर बोलणारे पुरस्कर्ते झाले. या गोष्टीतला क्रम ध्यानात घ्यावा. निदान आधी पक्के झाले होते, शोध नंतर सुरू झाला. रोगाचे नाव ठरवायला इंटरनेट दुबळे आहे. नाव कळल्यावर आजार, पर्याय, दुष्परिणाम समजून घ्यायला त्याच्यासारखे साधन नाही.

तेव्हा ठळक आकडा दिसला की आधी जुना रिपोर्ट काढावा. वर्षानुवर्षे १.५ असलेले बिलिरुबिन १.६ होणे आणि ०.६ चे १.६ होणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे आणि पावडरी कागदावर लिहाव्यात. वाचायचेच असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे ‘मेडलाइनप्लस’ किंवा ‘कॉक्रेन’चे सोप्या भाषेतले सारांश वाचावेत; दोन्ही मोफत आहेत. आणि डॉक्टरांपुढे रोगाचे नाव ठेवण्याऐवजी प्रश्न ठेवावा : हा आकडा माझ्या बाबतीत महत्त्वाचा आहे का, आणि पुन्हा तपासायचा तर कधी?

काही वेळा मात्र शोधूच नये. छातीत दाब येऊन दुखणे, अचानक दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातला अर्धा तास मोबाइलवर घालवणे परवडणारे नाही.

(पुढील भागात : टायफॉइडची विडाल चाचणी आणि तिचे गैरसमज)