मेंढ्यांमधील संधिसाधू बुरशी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मातीत, चाऱ्यात, शेणखतात आणि हवेत बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचे बियांसारखे सूक्ष्म कण, सदैव असतात आणि निरोगी मेंढीला त्यांचा सहसा उपद्रव होत नाही. मात्र जखम, अपचन, कुपोषण किंवा चुकीचा औषधोपचार यांमुळे शरीराचे संरक्षण ढिले पडले, की त्यांतील काही बुरशी ऊतींत शिरकाव करतात. अशा संसर्गाला संधिसाधू संसर्ग म्हणतात.

गैरसमज १: लोकरीखालचे खपले म्हणजे बुरशीच.
वस्तुस्थिती: सततच्या पावसात भिजलेल्या लोकरीच्या बुडाशी जे कडक खपले धरतात, त्या विकाराला इंग्रजीत दीर्घकाळ ‘मायकोटिक डर्मटायटिस’, अर्थात बुरशीजन्य त्वचादाह, असे म्हटले गेले, परंतु त्याचे कारण असलेला ‘डर्माटोफिलस काँगोलेन्सिस’ हा, १९१५ मध्ये बेल्जियन काँगोतील गुरांमध्ये वर्णिलेला, जीवाणू आहे. त्याचे तंतू बुरशीसारखे फांद्या फुटून वाढतात, म्हणून ही गल्लत झाली. गजकर्ण मात्र खरोखर बुरशीचे असते; पण ते निरोगी जनावरालाही लागते आणि एकापासून दुसऱ्याला होते.

गैरसमज २: प्रतिजैविक दिले की कोणताही संसर्ग आटोक्यात येतो.
वस्तुस्थिती: पेनिसिलिन जीवाणूंच्या पेशीभित्तिकेवर आघात करते; बुरशीची भित्तिका कायटिन आणि ग्लुकन यांची असल्याने तिच्यावर त्याचा परिणाम होत नाही. उलट दुभत्या मेंढीला आटवताना सडात औषधाची नळी घालण्यापूर्वी सडाचे टोक स्पिरिटने नीट पुसले नाही, तर ‘ॲस्परजिलस फ्युमिगेटस’चे बीजाणू औषधासोबतच कासेत पोहोचतात आणि प्रतिजैविकांना दाद न देणारा कासदाह उद्भवतो. अशा वेळी औषध बदलत राहण्याऐवजी दुधाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

गैरसमज ३: बुरसलेला कडबा उन्हात वाळवला की निर्धोक होतो.
वस्तुस्थिती: उन्हाने बुरशीची वाढ थांबते, पण बीजाणू आणि तिने तयार केलेली विषद्रव्ये टिकून राहतात. पेंढी सोडताना जी करडी धूळ उडते, तिच्यातील ॲस्परजिलसचे बीजाणू जेमतेम दोन-तीन मायक्रॉन आकाराचे असल्याने फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात, आणि मेंढीच्या शरीराचे सुमारे ३९ अंश सेल्सिअस तापमान, ५० अंशांनाही वाढू शकणाऱ्या या बुरशीला सहज मानवते.

गैरसमज ४: जादा धान्य खाल्ल्याने फक्त पोट बिघडते.
वस्तुस्थिती: अतिरिक्त धान्यामुळे कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या कप्प्यात, लॅक्टिक आम्ल साचून आतले अस्तर सोलवटते, त्या जखमेतून म्यूकरसारख्या बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांत घुसून गुठळ्या धरतात, भोवतालची ऊती मरते आणि संसर्ग यकृतापर्यंत पोहोचू शकतो.

अंतर्गत बुरशीसंसर्गाचे निदान पुष्कळदा शवविच्छेदनानंतरच होत असल्यामुळे कोरडा चारा, हवेशीर वाडा, धान्याची हळूहळू वाढवलेली मात्रा आणि स्वच्छ हातांनी केलेला उपचार हीच मेंढपाळाच्या हाती असलेली खरी औषधे आहेत. बुरशी नाहीशी करता येत नाही, तिला मिळणारी संधी मात्र नाकारता येते.