फुकटच्या सॉफ्टवेअरची वर्गणी

गणेशोत्सवाची वर्गणी, ग्रंथालयाची वर्गणी, मासिकाची वर्गणी. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांना हा शब्द नवा नाही. याच धारवाडात जी. बी. जोशी यांनी १९३३ साली काढलेली मनोहर ग्रंथमाला कन्नड खरी, पण तीही वर्गणीदारांच्या आधारावर उभी राहिली. मात्र ज्या सॉफ्टवेअरवर आज आपल्या लग्नपत्रिका जुळतात आणि मंडळाची इतिवृत्ते लिहिली जातात, त्याची वर्गणी मागण्यास कुणी दारी आला, तर आपण त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहू. फुकट मिळते ते आपोआप उगवते, अशी आपली समजूत झाली आहे.

शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी १९९८ साली ‘बरहा’ प्रथम कन्नडसाठी तयार केले. पुढे त्यात देवनागरीही आली. कित्येक वर्षे ते विनामूल्य मिळत असे, नंतर त्यास शुल्क लागले. आमच्या मते त्यात वावगे काहीच नाही. वापरणारे आपण होऊन देत नसतील, तर कर्त्याने मागावे हे ओघानेच आले.

परंतु याहून चांगली रीत ग्रंथालयांनीच घालून दिली आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालय-न्यासाने १९९९ साली कटिपो या संस्थेकडून आपल्या कामाचे सॉफ्टवेअर लिहून घेतले आणि ते जगाला खुले करून दिले. त्याचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत याचा अर्थ, परतफेडीची जाणीव ठेवून दिलेली भेट. म्हणजे आपल्या आहेराचाच भाऊ म्हणा ना! पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिल ग्रंथालयाला ग्रंथसूचीची ‘मार्क’ पद्धत हवी होती. तिने त्या कामाचा खर्च उचलला आणि ती सोय सर्वांनाच मिळाली. ज्याला एखादी सोय हवी त्याने एकट्याने अथवा चारजणांत मिळून तिचा खर्च द्यावा, हा प्रघात तेथे पडला. आज भारतातही अनेक ग्रंथालये ‘कोहा’ वापरतात.

या रीतीत एक उणीव मात्र आहे. नव्या मंडपाला देणगीदार मिळतो, रोजच्या दिव्याच्या तेलाला मिळत नाही. इंटरनेटवरील गुप्त व्यवहार सांभाळणाऱ्या ‘ओपन-एसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचे भगदाड सापडले, तेव्हा उघड झाले की जगभरच्या व्यापाराचा भार वाहणाऱ्या त्या कामाला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलरच देणगी मिळत होती. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी थैल्या सैल केल्या. बंगळूरच्या झिरोधाने २०२४ साली अशा कामांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तोही स्तुत्यच. पण धारवाडच्या मराठीला काय बोचते, हे दुसऱ्या कुणाला कसे कळावे?

बोचते ते हे. मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळ्या वळणाचे, आणि ‘ऱ्या’मधला आडवा रफार तर हिंदीत नाहीच. पुष्कळ अक्षरसंचांत पहिले दोन हिंदी वळणाचे उमटतात आणि तिसऱ्याची मोडतोड होते. लग्नपत्रिकेवर असे परके अक्षर पाहून आजी-आजोबा कपाळाला आठ्या घालतात. नातवंडांना तेच बरोबर वाटू लागते. अक्षरसंच खुला असेल तर तो दुरुस्त करण्यास कुणाची आडकाठी नाही. वानवा आहे ती करणाऱ्याच्या वेळेची.

शंभर घरांनी वर्षाला दोनशे रुपये दिले तर वीस हजार होतात. एवढ्यात जाणत्या माणसाचा एक महिनाही भागणार नाही. म्हणूनच हे एका गावाचे काम नव्हे. बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील मंडळांनी एकत्र येऊन वर्षाला एकच काम ठरवावे, ते पार पाडणाऱ्यास मोबदला द्यावा, आणि जमेतला निदान अर्धा भाग आधीच्या कामाच्या डागडुजीसाठी राखून ठेवावा. एखादा स्वयंसेवक पैसे घेण्यास संकोचला, तर त्याच्या संमतीने ते त्याच कामातील दुसऱ्यास द्यावेत. आणि हिशेब गणेशोत्सवाच्या जमाखर्चाशेजारीच छापावा.