बहिरं पिल्लू घरी आणताना

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. आज बोलूया आमच्या कापशीबद्दल. पांढरीशुभ्र, पाच महिन्यांची, पुण्यातल्या एका शेल्टरमधून आणलेली आणि दोन्ही कानांनी पूर्ण बहिरी. आमच्याआधी ती एका घरात जाऊन परत आली होती. कारण काय, तर "हाक मारली तरी येत नाही, हट्टी आहे." आमच्याकडूनही परत गेली असती तर तिसरं घर मिळणं अवघडच होतं. म्हणून आणायच्या आधी मी बरंच वाचलं, डॉक्टरांना छळलं.

पहिला प्रश्न सगळे विचारतात: पांढरी आहे म्हणून बहिरी का? थोडंफार हो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो, कॉक्लिया. तिथे मेलॅनोसाइट म्हणजे रंगद्रव्याच्या पेशी लागतात. त्या नुसता रंग देत नाहीत, आतल्या द्रवातलं पोटॅशियम योग्य पातळीवर ठेवायला मदत करतात. त्या नसल्या की ऐकण्याच्या पेशी मरतात, आणि त्या परत येत नाहीत. गंमत बघा, पिल्लाचे कान उघडतात दोनेक आठवड्यांनी आणि हे नुकसान होतं तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे ऐकायला सुरुवात होते न होते तोच दार बंद. पण पांढरं प्रत्येक कुत्रं बहिरं नसतं हं, बहुतेकांना छान ऐकू येतं. डाल्मेशियनमध्ये मात्र हे प्रमाण मोठं आहे. अमेरिकेतल्या चाचण्यांत साधारण ३० टक्के कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघाली.

"पण टाळी वाजवली की बघते ना!" हे आमच्या आईचं. टाळीचा हात दिसतो, जमिनीची थरथर पायाला कळते, वाऱ्याची झुळूक लागते. त्यामुळे घरगुती परीक्षा फसवी. खात्रीची चाचणी म्हणजे बेअर टेस्ट. डोक्याच्या कातडीखाली बारीक सुयांचे इलेक्ट्रोड लावतात, एकेका कानात क्लिक आवाज सोडतात आणि मेंदूकडून विजेचा प्रतिसाद येतो का ते बघतात. कापशीच्या दोन्ही ग्राफवर सपाट रेघ.

आता शिकवायचं कसं? माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. ऐकणाऱ्या कुत्र्याला हाक मारणं म्हणजे इंटरप्ट पाठवणं. हातातलं काम सोडून ते वळतं. कापशीला इंटरप्ट पोचतच नाही. मग तिला पोलिंग शिकवायचं: थोड्या थोड्या वेळाने स्वतःहून मान वळवून आमच्याकडे बघायचं. पहिले काही आठवडे आम्ही दुसरं काहीच केलं नाही. तिने बघितलं, की अंगठा वर आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. अंगठा म्हणजे "शाब्बास". एकदा हे बसलं की बस, थांब, ये हे हाताच्या खुणांनी पटापट येतं. कुत्री तशीही आपल्या शब्दांपेक्षा आपलं अंग जास्त वाचतात. फक्त घरात सगळ्यांची खूण एकच हवी. बाबांचा "ये" आणि माझा "थांब" सारखाच दिसायचा, मग फ्रिजवर चित्रं चिकटवली.

खरी भीती होती झोपेची. घरात चार वर्षांची भाची. बहिरं कुत्रं दचकून जागं झालं तर घाबरून चावू शकतं, त्यात त्याचा दोष नाही. उपाय साधा पण रोजचा: आधी नाकाजवळ हात न्यायचा, वासाने उठली तर उत्तम. नाहीतर खांद्याला हलका स्पर्श, आणि डोळे उघडताच खाऊ. स्पर्श झाला की काहीतरी चांगलं होतं, एवढं तिच्या डोक्यात पक्कं व्हायला हवं. भाचीला मात्र नियम कडक: झोपलेल्या कापशीला हात नाही, मोठं माणूस सोबत असलं तरी नाही.

थरथरणारा पट्टा मिळतो, "माझ्याकडे बघ" म्हणायला उपयोगी. शॉक देणारा नव्हे! तो कुठल्याच कुत्र्याला घालू नका, प्लीज.

आणि बाहेर साखळी कधीच सोडायची नाही. रिव्हर्स येणारी गाडी तिला ऐकू येत नाही, आणि सुटली तर हाक मारून परतही बोलावता येत नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर माझा नंबर आणि "मला ऐकू येत नाही" असं कोरून घेतलंय. सोसायटीचे वॉचमन काका पूर्वी तिला शिट्टी मारायचे, आता लांबूनच अंगठा दाखवतात. खाऊ मात्र मलाच द्यावा लागतो.