यंत्राचा हात आणि माणसाचा हात

विमान धावपट्टी सोडून वर चढू लागते तेव्हा वैमानिकाजवळ उंची थोडी असते आणि वेळ त्याहून थोडा. अशा घटकेस विमानातील स्वयंचलित यंत्रणाच चुकली तर काय करावे? विद्यार्थिमित्रांपुढे आम्ही एक घडलेली हकीकत ठेवतो.

२८ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियातील बाली बेटावरून लायन एअर कंपनीचे बोइंग ७३७ मॅक्स विमान जकार्ताकडे निघाले. समोरून येणाऱ्या वाऱ्याशी विमानाचा कोन किती, हे मोजणारे त्याचे डावीकडील उपकरण चुकीचा आकडा देत होते. त्यामुळे नाक फाजील वर गेले आहे असे मानून ती यंत्रणा शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक खाली दाबू लागली. वैमानिकांनी ते उचलावे, तिने पुन्हा दाबावे! अखेर त्यांनी पंखाच्या मोटरीचे खटके बंद केले, हाताने चाक फिरवून पंख सावरला आणि विमान जकार्तास सुखरूप उतरविले.

मात्र खटके बंद करावे लागले, ही गोष्ट विमानाच्या नोंदवहीत उतरली नाही. वैमानिकांच्या पुस्तिकेतही या यंत्रणेचे वर्णन नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांना घेऊन उडाले आणि काही मिनिटांतच जावा समुद्रात कोसळले. १८९ जीव गेले.

यंत्र चुकल्यास आधी विमान हाती घ्यावे, मग त्या यंत्राची वीज तोडावी, हे खरेच. परंतु आपणांस जे उमगले ते मागून येणाऱ्यांसाठी नीट लिहून ठेवावे, हेही त्याच कर्तव्याचे अंग होय, असे आम्हांस वाटते.