गेमिंग संगणक किती वर्षांनी बदलावा? मुंबईचे गणित कशेडीला लागू नाही

गेम खेळण्यासाठी खास बांधून घेतलेला संगणक किती वर्षांनी बदलावा, या प्रश्नाला 'तीन वर्षांनी' असे ठोक उत्तर अनेकदा दिले जाते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर खरेदी करणाऱ्या तरुणाला ते पटण्याजोगे वाटते. एका दुकानात जुना संगणक विकावा, शेजारच्या दुकानात नवा घ्यावा, अशी तेथे सोय आहे. मात्र तोच संगणक मुंबई-गोवा महामार्गावर, पोलादपूर आणि खेड यांच्यामधील कशेडी घाटाच्या परिसरातील एखाद्या घरात असेल तर हे उत्तर महागात पडू शकते. यंत्र तेच असते. परंतु विक्रीची सोय, दुरुस्तीचे अंतर, विजेचा भरवसा आणि पावसाळा या चार गोष्टी बदलतात आणि त्यांच्याबरोबर खर्चाचा हिशेबही बदलतो.

महाड-पोलादपूर पट्ट्यातील अनेक कुटुंबांचे एक घर मुंबईत आणि एक गावी असते. त्यामुळे संगणक बदलण्याचा निर्णय मुंबईत होतो आणि त्याचा परिणाम गावच्या घरात दिसतो. चाकरमानी भावाने नवा संगणक घेतला की जुना गणपतीच्या दिवसांत धाकट्या भावंडासाठी गावी पोहोचतो. शिवाय हे यंत्र बहुधा केवळ खेळापुरते नसते. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे आरेखनाचे कामही त्याच संगणकावर होऊ शकते. अशा घराला ७०-८० हजार रुपयांची खरेदी वारंवार करणे परवडणारे नाही.

हिशेब काय सांगतो?

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. ८० हजार रुपयांचा संगणक घेतला आणि सहा वर्षांचा काळ विचारात घेतला. पहिल्या पर्यायात तीन वर्षांनी पूर्ण संगणक बदलला, म्हणजे एकूण खर्च १ लाख ६० हजार. दुसऱ्या पर्यायात संगणक तोच ठेवून तीन वर्षांनी केवळ ३० हजारांचे नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, म्हणजे एकूण खर्च १ लाख १० हजार.

आता जुन्या वस्तूंच्या विक्रीचा विचार करू. तीन वर्षे वापरलेल्या पूर्ण संगणकाला ३० हजार मिळाले, तर पहिल्या पर्यायात सहा वर्षांत असे दोन संगणक विकून ६० हजार परत येतात आणि निव्वळ खर्च १ लाख राहतो. दुसऱ्या पर्यायात जुन्या कार्डाचे ८ हजार आणि सहा वर्षांनी उरलेल्या यंत्राचे १७ हजार धरले, तर निव्वळ खर्च ८५ हजार होतो. म्हणजे जेथे जुना माल हातोहात विकला जातो, तेथे दोन्ही पर्यायांत सहा वर्षांत अवघ्या १५ हजारांचा फरक पडतो. दर तीन वर्षांनी नवेकोरे यंत्र वापरण्याची हौस एखाद्याला तेवढ्या पैशांत पुरवून घ्यावीशी वाटली, तर ते समजण्यासारखे आहे.

परंतु घाटातल्या गावात वापरलेल्या ग्राफिक्स कार्डाला गिऱ्हाईक मिळणे कठीण. विक्री झालीच नाही, तर तोच फरक ५० हजारांवर जातो. मुंबईत जो निर्णय हौसेचा ठरतो, तो कशेडीत घरखर्चाला चाट लावणारा ठरतो. त्यामुळे गावच्या घरात पूर्ण यंत्र बदलण्याऐवजी गरजेनुसार एकेक भाग बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

प्रत्येक भागाचे आयुष्य वेगळे

संगणक म्हणजे एकच वस्तू नव्हे, हे येथे लक्षात घ्यायला हवे. कॅबिनेट आणि मॉनिटर यांना आठ-दहा वर्षे सहज हात लावावा लागत नाही. चांगल्या कंपनीच्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागाला, पाच ते दहा वर्षांची वॉरंटी मिळते. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तिघे मात्र एकमेकांशी बांधलेले असतात. एक बदलताना अनेकदा तिन्ही बदलावे लागतात. ग्राफिक्स कार्ड सर्वांत लवकर जुने होते.

एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांची ३० मालिका सप्टेंबर २०२० मध्ये, ४० मालिका ऑक्टोबर २०२२ मध्ये, तर ५० मालिका जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आली. म्हणजे साधारण दोन वर्षांनी नवी पिढी येते. पण नवी पिढी आली म्हणून जुनी निकामी होत नाही. जुलै २०१६ मध्ये आलेले जीटीएक्स १०६० हे कार्ड २०२२ च्या उत्तरार्धापर्यंत 'स्टीम' या गेमविक्री सेवेच्या पाहणीत सर्वाधिक वापरले जाणारे कार्ड होते. जगभरातील सामान्य खेळाडूही दर दोन वर्षांनी कार्ड बदलत नाही, हेच यातून दिसते.

खेळांची भूक किती वेगाने वाढते, हे बऱ्याच अंशी घरगुती गेमिंग कन्सोल ठरवतात. मोठे गेम कन्सोल डोळ्यांसमोर ठेवून तयार होतात. प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये आला आणि प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये; मध्ये सात वर्षे गेली. त्या काळातील कन्सोलच्या तोडीचा किंवा थोडा वरचढ संगणक ती पिढी संपेपर्यंत साथ देतो. अडचण येते ती पिढी बदलताना.

खरी अंतिम तारीख कोणती?

गेम थोडा संथ चालणे ही तडजोड असते. रंगरूपाची पातळी खाली आणून ती निभावता येते. गेम मुळात सुरूच न होणे ही मात्र अंतिम तारीख होय. अशा तारखा कोणत्या कारणांनी येतात, हे माहीत असले की बाजारातील जाहिरातींकडे दुर्लक्ष करता येते.

पहिले कारण संगणक प्रणालीचे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा सुधारणांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ व ८ चा पाठिंबा थांबवला, हे उदाहरणही ताजे आहे.

दुसरे कारण कार्डाच्या क्षमतेचे. डिसेंबर २०२४ मधील 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ मधील 'डूम : द डार्क एजेस' या गेमना किरणांचा मार्ग प्रत्यक्ष मोजणारी, म्हणजे रे ट्रेसिंगची सोय असलेलेच कार्ड लागते. जीटीएक्स १०६० कितीही सुस्थितीत असले तरी येथे उपयोगाचे नाही. त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमना अनुसरून ड्रायव्हर देणेही एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले.

तिसरे कारण साठवणुकीचे. ऑगस्ट २०२३ मधील 'बाल्डर्स गेट ३' आणि सप्टेंबर २०२३ मधील 'स्टारफील्ड' या गेमच्या आवश्यकतांत हार्ड डिस्कऐवजी एसएसडीची अट आहे. ही त्रुटी मात्र नव्या संगणकाविना, एक एसएसडी बसवून दूर होते.

आपण खेळत असलेले गेम या तिन्हीपैकी कोणत्याही कारणात अडकत नसतील, तर संगणक बदलण्याची घाई नाही. 'व्हॅलोरंट'सारखा गेम माफक क्षमतेच्या यंत्रावरही चालतो. अर्थात विंडोज ११ वर त्यालाही टीपीएम आणि सिक्युअर बूट सुरू असावे लागते.

दोष कोणाचा, हे आधी तपासा

गेम अडखळू लागला की कार्ड बदलण्याकडे कल असतो. तत्पूर्वी एक सोपी चाचणी करावी. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे आणि दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, म्हणजे फ्रेम, पाहावी. फ्रेम लक्षणीय वाढल्या तर कार्ड कमी पडते आहे. फारशा वाढल्या नाहीत तर अडचण बहुधा प्रोसेसर किंवा रॅममध्ये आहे. अशा वेळी महागडे कार्ड घेऊन पैसे वाया जातील. सुरुवातीला गेम नीट चालतो आणि अर्ध्या तासाने मंदावतो, असे होत असेल तर यंत्र तापते आहे. पंख्यात साचलेली धूळ काढणे आणि प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट बदलणे हा त्यावरचा उपाय काही शे रुपयांत होतो.

प्रोसेसर बदलावा लागला तरी मदरबोर्ड टिकू शकतो का, हे खरेदीच्या वेळीच पाहिलेले बरे. एएमडीचा एएम४ हा साचा २०१७ च्या प्रोसेसरांसाठी होता तसाच एप्रिल २०२२ मधील रायझन ७ ५८००एक्स३डी साठीही होता. जुना मदरबोर्ड ठेवून, बायोस अद्ययावत करून अनेकांना पाच वर्षांनंतरचा प्रोसेसर बसवता आला. इंटेलने याच काळात साचे अधिक वेळा बदलले. ज्याला सुटे भाग बदलत जायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही बाब निर्णायक आहे.

खरेदीची वेळही महत्त्वाची. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या खाणकामामुळे ग्राफिक्स कार्डांच्या किमती भडकल्या होत्या. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून आलेल्या मागणीमुळे रॅम महागली, आणि मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या क्रुशियल या घरगुती ग्राहकांच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचे जाहीर केले. अशा काळात यंत्र चालते आहे तोवर वर्षभर थांबणे हाही एक निर्णयच आहे.

पाऊस, वीज आणि अंतर

कोकणातील या पट्ट्यात संगणकाचे आयुष्य अनेकदा नव्या मॉडेलमुळे नव्हे, तर निसर्गामुळे संपते. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमधील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराखाली गेले आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. पुरापुढे उपाय चालत नाही. परंतु संगणक जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवणे आणि अभ्यासाच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे एवढे तरी करता येते.

रोजचा धोका विजेचा आहे. दाब कमी-जास्त होणे, वारंवार वीज जाणे आणि मे व ऑक्टोबर महिन्यांतील कडकडाट यांत स्वस्त एसएमपीएस जळतो आणि कधी मदरबोर्डलाही घेऊन जातो. येथे पाच हजार रुपये वाचवले तर पन्नास हजारांचे यंत्र पणाला लागते. सर्वसाधारण ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस सुमारे ३६० वॉटचा भार पेलतो. गेम खेळताना संगणक त्याहून अधिक वीज ओढू शकतो. म्हणून यूपीएस घेताना कार्डाची भूक जमेस धरावी, आणि तो खेळ चालू ठेवण्यासाठी नसून संगणक व्यवस्थित बंद करण्यासाठी आहे हे ध्यानात ठेवावे. घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. आकाशात वीज चमकू लागली की प्लगबरोबर इंटरनेटची तारही काढावी.

पावसाळ्यात दमट हवेने जोडण्या गंजतात. महिनोन्महिने बंद ठेवलेल्या संगणकाला हा त्रास अधिक होतो. दिवसाआड अर्धा तास तो सुरू केल्यास आतील ऊब ओल धरू देत नाही. मुंबईहून गावी नेताना वजनदार ग्राफिक्स कार्ड काढून वेगळे बांधावे. सप्टेंबर २०२३ मध्ये कशेडी बोगद्याची एक मार्गिका गणेशोत्सवासाठी हलक्या वाहनांना खुली झाली आणि घाटाच्या वळणांतून सुटका होऊ लागली. तरी महामार्गावरील धक्क्यांनी कार्डाची खाच तुटू शकते.

जुना संगणक गावी पाठवताना

मुंबईच्या भावाने जुने यंत्र गावी देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. त्यावर विंडोज ११ चालते का? हार्ड डिस्क असल्यास तेथे एसएसडी बसवली का? एसएमपीएस किती वर्षे वापरलेला आहे? प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नसेल तर अभ्यास आणि हलक्या खेळांसाठी लिनक्सचा पर्याय आहे, पण काही ऑनलाइन गेम त्यावर चालत नाहीत, हे धाकट्याला आधीच सांगावे. पूर्ण निकामी झालेले भाग भंगारवाल्याकडे देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा.

थोडक्यात वेळापत्रक असे मांडता येईल :

दरवर्षी : पावसाळ्यापूर्वी साफसफाई, अर्थिंग व यूपीएसची तपासणी.

तीन ते चार वर्षांनी : चाचणी करून गरज असेल तरच ग्राफिक्स कार्ड; थर्मल पेस्ट बदलणे; यूपीएसची बॅटरी मात्र बहुधा त्याआधीच.

सहा ते आठ वर्षांनी : प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम एकत्र, शक्यतो विंडोजची पिढी किंवा कन्सोलची पिढी बदलल्यावर.

पूर्ण नवा संगणक : जेव्हा दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर जाईल, किंवा रोजचा गेम अथवा अभ्यासाचे सॉफ्टवेअर मुळीच सुरू होणार नाही, तेव्हाच.