नाव असलेले वादळ, नाव नसलेला वारा

‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकले. त्याची वर्दी दोन दिवस आधीच होती. दारे-खिडक्या लावून घ्यायला अंधेरी-बोरिवलीला सवड मिळाली. १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळाला नाव नव्हते आणि त्याने सवडही दिली नाही. घाटकोपरला पेट्रोलपंपावर अवाढव्य जाहिरातफलक कोसळला. १७ जण दगावले. अमेरिकेतही भेद हाच. हरिकेनची चाहूल काही दिवस आधी लागते, टोर्नेडोची जेमतेम काही मिनिटे. मग अचानक सुटणारा वाराच अधिक घातकी म्हणायचा का? पण तो फलक काही वाऱ्याने उभारला नव्हता. मर्यादा ४० बाय ४० फुटांची, फलक १२० बाय १२०चा! वाऱ्याने सवड दिली नाही हे खरे. पण फलक मोजायला आपल्याला सवड भरपूर होती.