अनुबोधपटाचे बक्षीस आणि भामरागडचे पंच

शंकरपटात कोणाची जोडी पहिली आली, हे उभ्या गावाला दिसते. पंचांशी फारसा वाद घालावा लागत नाही. पण खऱ्या माणसांवर, खऱ्या गावांवर चित्रपट काढतात, त्यांतला पहिला कोणता हे कसे ठरवायचे? आज आपण त्याचाच थोडा विचार करू.

अशा चित्रपटाला अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतात. आपल्याकडे १९५४ साली राष्ट्रपतींची सुवर्णपदके सुरू झाली, तेव्हा कथाचित्रांत ‘श्यामची आई’ला आणि अनुबोधपटांत ‘महाबळेश्वर’ला पदक मिळाले. पुढे घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि भागाभागांच्या मालिका निघू लागल्या. ब्रिटनमध्ये अनुबोधपटाचे एक आद्य पुरस्कर्ते जॉन ग्रिअर्सन यांच्या नावाने दरवर्षी बक्षिसे देतात. त्यांत मालिकेचा वर्ग वेगळा ठेवलेला आहे.

ते बरेच झाले. कारण एका भेटीत पाहिलेले गाव वेगळे आणि वर्षभर पाहिलेले वेगळे. भामरागडचेच घ्या ना! उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम शांत दिसेल. पण पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढून गाव कितीदा तुटले, हे त्याला कसे कळावे? मालिकेला तेवढी सवड असते.

आता परीक्षक काय पाहतात? छायाचित्रण, आवाज, जोडणी, विषयाची मांडणी. हे सारे पडद्यावर दिसते. पडद्यामागचे मात्र दिसत नाही. १९२२ साली रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी उत्तर ध्रुवाकडच्या लोकांवर ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा चित्रपट काढला. तो जगभर गाजला. परंतु नायकाचे खरे नाव नानूक नव्हतेच. ते लोक तोवर बंदुका वापरू लागले होते, तरी चित्रपटासाठी त्यांच्याकडून जुन्या पद्धतीने भाल्याने शिकार करवली.

इतक्या दूर तरी कशाला जा? इंद्रावतीपलीकडे बस्तर आहे. तिथे नारायणपूरजवळच्या गढबेंगालचा चेंदरू मंडावी हा मुरिया मुलगा. स्वीडनचे आर्ने सुक्सडॉर्फ यांनी त्याला आणि वाघाच्या बच्च्याला घेऊन चित्रपट केला. तो १९५८ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. सुक्सडॉर्फ यांना आधीच्या एका लघुपटासाठी ऑस्कर मिळालेले होते. चेंदरू स्वीडनलाही जाऊन आला. मग गावी परतला, गरिबीतच राहिला आणि २०१३ साली वारला. चित्र जगभर फिरले, पण चित्रातल्या माणसाच्या पदरी काय पडले? या प्रश्नाला गुणपत्रिकेत रकाना नसतो.

म्हणून गुरुजी, वर्गात किंवा चावडीवर असा चित्रपट दाखवाल तेव्हा मुलांना आणि मोठ्यांनाही चार प्रश्न विचारा. चित्रातला माणूस आपल्या तोंडाने, आपल्या माडियात बोलतो, की त्याच्या वतीने दुसराच कुणी बोलतो? चित्रण करणारे किती दिवस राहिले, कोणत्या ऋतूत आले? जे दाखवले ते रोजचे आहे, की पाहुण्यांसाठी करून दाखवलेले? आणि तयार झालेले चित्र त्या गावाला परत येऊन कुणी दाखवले का?

यांची उत्तरे द्यायला मोठे शिक्षण लागत नाही. मोहाची फुले कधी वेचतात, धान कधी कापतात, हे ज्याला ठाऊक तो इथला पंच. पडद्यावर फुले वेचताना दाखवली आणि मागे भर पावसाळा दिसला, तर दिल्ली-मुंबईच्या परीक्षकांच्या नजरेतून ते सुटेल. तुमच्या चौथीतल्या पोरीच्या नजरेतून सुटायचे नाही.

पदक देणे मोठ्यांच्या हाती राहो. पण ‘हे आमचंच गाव’ किंवा ‘हे आमचं नव्हं’ हे सांगायचा हक्क गावाचा आहे. तो हक्क वापरायला मुलांना शाळेतच शिकवावे, एवढीच तुम्हांला विनंती.